डाव्या बाजूचा ट्रॉम्बोन

इस्माईल : पेटी खाली घेऊ नको, विश्वंभर. जीपमधीच राहू दे ती.

विश्वंभर : या उन्हात? अरे, मे महिना आहे. रेकॉर्डींचे पापड होतील.

इस्माईल : मंग आणल्या काहून? हिंगोलीहून इथं सेनगावकडच्या गोरेगावपर्यंत भट्टीतून आणल्या, अन् माझ्या दारात तुला पापड आठवले.

विश्वंभर : ओली पोती टाकून आणल्यात. उन्हाच्या आधीच निघालो होतो. धर त्या बाजूनं, जड आहे.

इस्माईल : कितीक हायेत?

विश्वंभर : सगळ्या आहेत.

इस्माईल : सगळ्या म्हंजी?

विश्वंभर : म्हणजे माझ्या घरात आता एकही नाही. तुझ्याकडं ठेव. ठेव म्हणजे, तुझ्याच समज.

इस्माईल : तो ट्रॉम्बोनवाला अल्बम पण आणलास?

विश्वंभर : तोही आहे. दुसऱ्या पेटीत, सगळ्यांत पुढं.

इस्माईल : बरं. धर. आत घेतो, पण ते उन्हासाठी. तुझ्या म्हणण्यासाठी न्हाई. हळू. उभ्या ठेव, आडव्या नको. त्या भिंतीला टेकव, ती भिंत थंड राहते. हां. आता बस, पाणी पी, अन् सांग मला काय चाललंय.

विश्वंभर : काय चालायचंय. घरात जागा नाही. जाईच्या पोराला अभ्यासाला खोली पाहिजे.

इस्माईल : तुझी लेक नागपूरला. तिचं लेकरू नागपूरला. ते अभ्यास करायला हिंगोलीत येऊन राहिलं का?

विश्वंभर : सुट्टीत येतं.

इस्माईल : सुट्टीत अभ्यास करतंय. बरं. दुसरं काही सांग.

विश्वंभर : दुसरं म्हणजे कंटाळा आला. माणसाला कंटाळा येतो, इस्माईल. सिकंदराबादला कॉलेजात असताना त्या रेल्वेतल्या म्हाताऱ्या घरमालकानं आपल्याला जॅझ ऐकवलं. तेव्हापासून तू कापडाच्या दुकानातून आणि मी सर्व्हेअरच्या नोकरीतून तेवढंच करत आलो. कुठंतरी जपानात, अमेरिकेत एखादी कंपनी जुना अल्बम नव्यानं छापते, की आपण दोघं तुटून पडलोच. मूळ टेपवरून काढलाय का, तबकडी जाड आहे का, कव्हरचा रंग जुन्यासारखा आहे का. पुरे झालं आता.

इस्माईल : गेल्या उन्हाळ्यात कुरियरवाला तुझं पार्सल वारंगा फाट्यावर टाकून गेला. तू बस नव्हती तर मालाच्या टेम्पोत बसून गेलास. हॉटेलवाल्याच्या पत्र्याखालून पार्सल काढलंस, त्याच्या बर्फाच्या पेटीवर ठेवलंस, अन् तिथून मला फोन केलास, वाचली रे म्हणून. रडायचाच बाकी होतास. तवा न्हाई आला कंटाळा?

विश्वंभर : तेव्हा नव्हता. नंतर आला.

इस्माईल : मंग माझ्यावर राग हाय. मी म्हणलो होतो, तुझी ती जपानी छपाई सपक हाय. त्याचा राग आला.

विश्वंभर : सपकच आहे ती.

इस्माईल : काय म्हणलास?

विश्वंभर : तुझं बरोबर होतं. सपक आहे.

इस्माईल : आता मला भीती वाटून राहिली. एवढ्या वर्षांत तू कधी माझं बराबर म्हणलास?

विश्वंभर : म्हटलं असेल कधीतरी.

इस्माईल : कधी न्हाई. तुला ते बिनानावाचे लोक आवडतात, ज्यानं एक अल्बम काढला अन् मंग गायब झाला असे. मला नावाजलेले आवडतात. मी म्हणायचं, अरे नाव झालं ते उगीच झालं का. तू म्हणायचं, नाव तर साबणाचंपण होतं. यावरच तर आपला प्रत्येक रविवार गेला. अन् आज तू मला म्हणून राहिलास, तुझं बराबर. खरं सांग. डॉक्टरनं काही सांगितलं का? छातीत काही? पोटात?

विश्वंभर : काही नाही. ठणठणीत आहे मी.

इस्माईल : मंग मधली खुर्ची काहून सोडलीस?

विश्वंभर : कुठली खुर्ची?

इस्माईल : ती काय, समोर. दोन स्पीकरच्या बराबर मधी. त्या खुर्चीसाठी तू माझ्याशी भांडलेला हायेस. मी बसलो तर म्हणायचास, ऊठ, तुला काय कळतं, ती जागा वाया जाते. अन् आता आलास की गुपचूप त्या कोपऱ्यात बसतोस, तोंड वाकडं करून. मी म्हणलो, वय झालं, माणूस सुधारला. माझंच चुकलं.

विश्वंभर : कोपऱ्यात वारा लागतो.

अफशीन : काका, ताक घ्या.

इस्माईल : वारा म्हणे. पंखा तर मधी हाय.

विश्वंभर : तू ना, पहिल्यापासून वकील व्हायला पाहिजे होतास. कापड कशाला विकत बसलास?

अफशीन : काका, ताक आणलंय. मीठ घातलेलं आहे.

विश्वंभर : मी रेकॉर्डी देतोय, तर लोक खुश होतात. तू उलटतपासणी करतोस.

अफशीन : विश्वंभरकाका.

इस्माईल : अरे, पोरगी केव्हाची…

अफशीन : अब्बा, तुम्ही थांबा. काही बोलू नका. आता मी या बाजूला येते. काका?

विश्वंभर : अगं, अफशीन. तू केव्हा आलीस? रविवारी तू हिंगोलीला नसतेस का?

अफशीन : आज दवाखाना बंद ठेवला. आणि मी केव्हाची इथंच आहे. तुमच्या डाव्या हाताला उभी राहून तीनदा हाक मारली.

विश्वंभर : हा बोलत होता ना. त्याच्या नादात ऐकू आली नसेल.

अफशीन : त्याच्या आवाजात मलाही काही ऐकू येत नाही, ते खरं. पण आत्ता मी परत डाव्या बाजूला जाऊन काय विचारलं?

विश्वंभर : कधी?

अफशीन : आत्ताच. तुम्ही ग्लास उचललात तेव्हा.

इस्माईल : विश्वंभर, तिनं विचारलं तुला, काकू कशी हाय. मला इथून ऐकू आलं.

विश्वंभर : बरी आहे.

इस्माईल : तुझा कान गेला काय रे?

विश्वंभर : ताक चांगलं झालंय.

इस्माईल : विश्वंभर.

विश्वंभर : हो. गेला. डावा गेला, आता उजव्याची वाट बघतोय. झालं समाधान?

अफशीन : केव्हापासून, काका?

विश्वंभर : दिवाळीपासून. घरात मी हेडफोन लावूनच ऐकतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. तो ट्रॉम्बोनवाला लावला होता. जुन्या काळचं स्टिरिओ म्हणजे सगळी वाटणी केलेली असते. ट्रॉम्बोन, तो लांब पितळी भोंगा, पूर्ण डाव्या कानात, ड्रम पूर्ण उजव्या कानात, पियानो मधे कुठंतरी. मी सुई ठेवली. ड्रम वाजतायत, पियानो वाजतोय, आणि ट्रॉम्बोनच नाही. ज्याच्या नावाचा अल्बम तोच आला नाही. मला वाटलं वायर गेली. वायर बदलली. सुई तपासली. मग म्हटलं, कंपनीनं छपाईत गोंधळ केलाय, त्यांना कळवायचं. आणि मग सहज, अगदी सहज, हेडफोन काढून उलटा लावला. डावा उजवीकडं.

इस्माईल : मंग?

विश्वंभर : मग ट्रॉम्बोन आला. आणि ड्रम गेले.

इस्माईल : अन् तू तवापासून कुणाला बोलला न्हाईस.

विश्वंभर : काय बोलायचं? तुला माझे वडील आठवतात ना. देवळात पूजेला होते. माझ्याच वयाचे असताना त्यांचा आधी डावा गेला, मग उजवा. आरती संपलेली असायची, लोक प्रसादाला हात पुढं करून उभे, आणि हे घंटा वाजवतच राहायचे. कुणी हसायचं, कुणी नुसतं बघायचं. मग मी जाऊन त्यांचा हात धरायचो. हात धरला की त्यांना कळायचं, आरती संपली. ते इतके ओशाळायचे, इस्माईल. मला ठाऊकच होतं माझंही हे होणार. मग डॉक्टरकडं काय जायचं, आजाराचं नाव ऐकायला? अफशीन, तुझ्या कानाच्या दवाखान्याची पाटी लांबून दिसली की मी रस्ता ओलांडायचो.

अफशीन : मी पाहिलंय तुम्हाला. मला वाटायचं, पलीकडच्या टपरीवर पान खायला जाता आणि काकूंपासून लपवता.

इस्माईल : अन् रेकॉर्डी? उजवा चांगला हाय ना अजून. मंग काहून देऊन टाकतोस?

विश्वंभर : कारण मी आता गाणं ऐकत नाही, कान तपासतो. सकाळी उठलो की एखादी लावायची आणि बघायचं, आज किती राहिलंय. झांजेचा शेवट काल एवढा लांब ऐकू येत होता, आज कमी झाला का. तूच सांग, असं कुणी ऐकतं का? त्यापेक्षा तुझ्याकडं असू देत. तू ऐक. इथं त्यांचं कुणीतरी ऐकणारं असेल.

अफशीन : अब्बा, माझी बॅग द्या. ती काळी. काका, मान इकडं करा.

विश्वंभर : आत्ता? ताक तरी पिऊ दे.

अफशीन : ताक कुठं जात नाही. हा कान थोडा ओढते, दुखलं तर सांगा. हं… काका, दिवाळीला नेमकं काय झालं होतं? सर्दी? ताप?

विश्वंभर : काही नाही. नरक चतुर्दशीची आंघोळ. हिनं कानात कोमट तेल घातलं, नेहमीसारखं. वर भरपूर पाणी. त्यानंतर कान दडपल्यासारखा झाला तो झालाच.

अफशीन : आणि तुम्ही काडीनं कोरलात.

विश्वंभर : कापसाची काडी होती. ती कानासाठीच मिळते.

अफशीन : ती कशासाठीही मिळो. आता एक गंमत. हा ट्यूनिंग फोर्क बघा, आपटला की घुमणारा लोखंडी चिमटा. मी तो आपटणार, आणि त्याचा दांडा तुमच्या कपाळावर टेकवणार. बरोबर मध्यावर. आवाज कुठल्या कानात येतो तेवढं सांगायचं.

विश्वंभर : कुठल्या म्हणजे? एकच तर आहे.

अफशीन : तुम्ही फक्त ऐका. हं. कुठं येतो?

विश्वंभर : थांब. पुन्हा कर.

अफशीन : केलं. कुठं?

विश्वंभर : डावीकडं.

इस्माईल : कुठं म्हणलास?

विश्वंभर : डावीकडं येतोय. गेलेल्या कानात. अफशीन, हे असं कसं? मला भास होतोय का?

अफशीन : भास नाही. बाहेरून येणारा आवाज तुमच्या डाव्या कानात शिरत नाही. पण हाडातून गेलेला शिरतो, आणि उलट जास्तच घुमतो. म्हणजे आतली नस जागी आहे, काका. वाट बुजलीय.

इस्माईल : म्हंजी बहिरा न्हाई झाला तो?

अफशीन : अब्बा, मला पूर्ण बोलू द्या. आत मळ आहे, काळा, दगडासारखा, आणि तो काडीनं ठासून बसवलेला आहे. त्यावर तेल आणि पाणी गेल्यावर तो फुगला आणि वाट बंद झाली. मला एवढं दिसतं. त्याच्यामागं पडदा कसा आहे ते आत्ता दिसत नाही. त्यामुळं मी आज वचन देणार नाही.

विश्वंभर : मळ.

अफशीन : हो.

विश्वंभर : मळापायी मी हे सगळं इथवर आणलं.

अफशीन : थेंब देते. ते आठवडाभर रोज घालायचे, मग पुढच्या सोमवारी दवाखान्यात यायचं. रस्ता न ओलांडता. आणि आता ताक प्या.

(आठवडाभर विश्वंभर उजव्या कुशीवर पडून डाव्या कानात थेंब घालत राहिला. बायकोनं विचारलं तेव्हा कान खाजतो म्हणून सांगितलं. टर्नटेबलच्या रिकाम्या टेबलावर तिनं वाळवणाची परात ठेवली, आणि त्यानं ती हलवली नाही. वडिलांच्या कानात कधी कुणी डोकावून पाहिलं होतं का, हे त्याला कितीही आठवून आठवेना. सोमवारी तो हिंगोलीतल्या दवाखान्याच्या पायऱ्या चढला, तेव्हा बाकावर इस्माईल आधीच येऊन बसलेला होता.)

विश्वंभर : तू इथं काय करतोस? दुकान कुणाकडं?

इस्माईल : पोरगा बघतो आता दुकान, राहिल. मी आपला सहज आलो. हिंगोलीत काम होतं.

विश्वंभर : काय काम?

इस्माईल : काहीतरी होतं. आठवंल. आत चल.

अफशीन : या खुर्चीवर, काका. हे भांडं कानाखाली धरा, घट्ट. अब्बा, आत आलात तर गप्प बसायचं. पाणी कोमट आहे. चक्कर आल्यासारखी वाटली तर हात वर करा.

विश्वंभर : तू काय ओततेस की… अगं, सगळी कयाधू नदी आत चाललीय.

अफशीन : बोलू नका, मान हलते. आणखी एकदा. दुखतंय?

विश्वंभर : दुखत नाही. विचित्र वाटतं.

अफशीन : सुटलाय थोडा. एकदा अजून. भांडं धरलंय ना? हं. हं. आला.

इस्माईल : काय आलं? बघू. या अल्लाह. हे तुझ्या डोक्यात होतं?

विश्वंभर : तो पंखा आधीपासून असा वाजतो का?

अफशीन : हो, काका. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतोय.

विश्वंभर : आणि ते खर्र खर्र काय आहे?

अफशीन : कुठलं?

विश्वंभर : खालून येतंय. आत्ता. पुन्हा आलं.

इस्माईल : माझी चप्पल हाय. फरशीवर घासून राहिली.

विश्वंभर : ती घासते?

इस्माईल : पहिल्यापासून घासते.

विश्वंभर : आणि बाहेर कुणीतरी ओरडतंय. सेनगाव, गोरेगाव. जीपवाला आहे. डावीकडून येतंय, इस्माईल. त्या खिडकीतून. मला कळतंय कुठून येतंय ते.

इस्माईल : घे. रुमाल घे.

विश्वंभर : पाणी आहे कानातलं. गालावर उतरलं.

इस्माईल : बरं. तेच पूस.

अफशीन : आता मान इकडं, मला पडदा बघायचाय. हलू नका. हं. चांगला आहे. थोडा लाल झालाय, तो बसेल. भोक नाही, पू नाही. आता त्या काचेच्या खोलीत बसून तपासणी करून घेऊ, मग मी खरं सांगेन.

इस्माईल : खरं म्हंजी? अजून काही हाय का?

अफशीन : अब्बा, बाहेर बसा.

इस्माईल : बसतो. पण दार उघडं ठेव.

अफशीन : हं. झालं, काका. या. अब्बा, तुम्हीपण या, नाहीतरी कान दाराला लावूनच बसलाय. डावा आणि उजवा, दोन्ही जवळजवळ सारखे आहेत. वरचे अगदी बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात. ते वयाचं आहे, तेवढं सगळ्यांचंच जातं.

विश्वंभर : आणि वडिलांचं? ते माझ्यात येणार?

अफशीन : त्यांना काय झालं होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. तुमच्यात आज तसं काही दिसत नाही. पुढच्या वर्षी परत दाखवा, त्याच्या पुढच्या वर्षी परत. आलंच काही, तर लवकर कळेल, आणि आता कानाला लावायची यंत्रं चांगली मिळतात. घाबरून रस्ता बदलायचा नाही, एवढंच. कापसाच्या काड्या घरी गेल्यावर फेकून द्या.

विश्वंभर : देतो.

अफशीन : आणि अब्बा, पुढच्या सोमवारी तुम्ही त्या खोलीत बसणार आहात. तुमचे वरचे आवाज काकांपेक्षा जास्त गेले असतील असा मला दाट संशय आहे.

इस्माईल : माझे काहून? मला सगळं ऐकू येतं.

विश्वंभर : तरीच म्हटलं, याला जपानी छपाई सपक का लागते.

इस्माईल : झालं, आला हा जागेवर. कान उघडला अन् तोंडपण उघडलं.

विश्वंभर : ती सपक नाही. अजिबात नाही. झांज काय उतरलीय त्यात. तुझ्याकडं आठवडाभर होती, नीट ऐकली असतीस तर कळलं असतं.

इस्माईल : न्हाई ऐकली.

विश्वंभर : ती नाही, तर बाकीच्या कुठल्या ऐकल्या?

इस्माईल : एकपण न्हाई. पेट्या जशा टेकवल्यास तशा हायेत. चादर टाकली वरून.

विश्वंभर : आठवडाभर घरात सगळा खजिना, आणि तू एकही लावली नाहीस? मी तुला दिल्या होत्या ना.

इस्माईल : दिल्या होत्यास. एकदा एक काढली, तुझ्या त्या गायब झालेल्या माणसांपैकी एकाची. कव्हर वाचलं. मंग वाटलं, आता मी म्हणणार, याच्यात काय एवढं, अन् कुणी भांडणारंच न्हाई. परत ठेवली. एकट्यानं काय ऐकायचं, विश्वंभर?

विश्वंभर : आज जीप मिळेल का दुपारची?

इस्माईल : आता ओरडून राहिला होता तो. जाऊ. तिकडंच जेवू. संध्याकाळी ऊन उतरलं की पेट्या घेऊन ये परत.

विश्वंभर : अर्ध्या आणतो. अर्ध्या तिकडंच असू देत.

इस्माईल : कुठल्या अर्ध्या?

विश्वंभर : ते ठरवायला दोन-चार रविवार लागतील.

अफशीन : काका, जायच्या आधी काकूंना फोन करा. त्यांना काही सांगितलेलं नाही ना तुम्ही?

विश्वंभर : घरी गेल्यावर सांगतो.

अफशीन : इथून करा. माझ्यासमोर.

विश्वंभर : करतो बाई. हॅलो… हां, मी. अफशीनच्या दवाखान्यात आहे… काही झालेलं नाही, बरा आहे. कान बंद झाला होता, डावा. मळ होता, काढला तिनं. उघडला… काय?… तुला ठाऊक होतं?… दिवाळीपासून?… मग बोलली का नाहीस?… हं… हं.

इस्माईल : काय म्हणून राहिल्या वहिनी?

विश्वंभर : म्हणते, तुम्ही लपवत होतात, म्हणजे तुम्हाला ते लपवायचं होतं. म्हणून गप्प राहिले. दिवाळीपासून जेवताना उजव्या बाजूला येऊन बसते म्हणे. माझ्या लक्षातच आलं नाही.

इस्माईल : फोनमधून मलापण ऐकू येऊन राहिलं, एवढ्या मोठ्यानं बोलून राहिल्या.

विश्वंभर : तिला सवय झालीय. अगं, ऐक. ओरडू नकोस. डाव्याच कानाला लावलाय फोन… हो, डाव्याच. हळू बोल… आलं ऐकू. आणखी हळू.